आत्याने चाखल्याशिवाय

"पानं गळली, खोडं वाळून काटक्या झाल्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मळ्यांत कुदळी सुरू झाल्या. आणि आपण काय करतोय? वाट बघतोय. कुणाची, तर ताईच्या जिभेची!"

आत्याचा धाकटा भाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बोलत होता आणि चिखलाचे बूट पायात तसेच होते. एरवी बायकोच्या धाकाने तो बूट बाहेर काढून मोज्यांवर आत यायचा. आज बुटांसकट आला होता, म्हणजे भांडण मळ्यातूनच सोबत घेऊन आला होता.

"ओरडू नकोस, मी बहिरी नाही," आत्या म्हणाली. ती टेबलाशी बसून सुतळीचा गुंता सोडवत होती आणि मान वर करायची तिला गरज वाटली नाही. "पानं गळली म्हणजे झाडाने दुकानाला फळी लावली. माल गोदामात उतरला, असा त्याचा अर्थ होत नाही."

"मागच्या आठवड्यातही तू हेच म्हणालीस."

"मागच्या आठवड्यातही गोडी नव्हती."

"आणि पाऊस आला म्हणजे? ते ढग बघ जरा बाहेर येऊन. एकदा जमिनीने पाणी धरलं की मुळं फुगतील, कोंब सोडतील, आणि खणलेला माल वाळवायला ऊन मिळायचं नाही. मग बस तू चाखत!"

"तुम्ही कुणाशी डोकं लावताय?" शेगडीपाशी चहा गाळता गाळता भावजयीने तोंड घातलं. "वन्संना माझ्या चहातली गोडी सापडत नाही, ती जमिनीखालच्या मुळात कुठून सापडायची?"

"चहात साखर घातलीस तर सापडेल."

"घातलीस तर! ऐका. डब्याचा तळ दिसायला लागला माझ्या."

नणंद-भावजयीचं हे साखरेचं भांडण उन्हाळ्यापासून चालू होतं आणि घरात कुणी त्याच्याकडे लक्ष देत नव्हतं. दोन बायका एका स्वयंपाकघरात असल्या की कशावरून तरी वाजणारच, या घरात साखरेवरून वाजतंय, इतकंच.

हे घर ज्येष्ठमधावर चालत होतं. आत्याच्या वडिलांनी लावायला सुरुवात केली ती अजून चालूच होती. ज्येष्ठमध म्हणजे काही वर्षभरात हाताला लागणारं पीक नाही. लावायचं, आणि पोर शाळेत जायच्या वयाचं होईपर्यंत थांबायचं. एवढं थांबल्यावर शेवटी घाई केली तर सगळं मुसळ केरात. कारण मुळातला गुण वर्षभर मुळात बसून राहत नाही. थंडी सरली की मूळ आपलं सगळं शेंड्यांच्या हवाली करतं, एखादी आई पोरांना वाढून स्वतः उपाशी राहते तसं. फुलं येतात तेव्हा तर खाली नुसतं पाणी असतं. मूळ दिसायला गुबगुबीत, हाताला जड, आणि आत काही नाही. फुलं जातात, शेंगा वाळतात, पानं पिवळी पडून गळतात, तेव्हा कुठे वर गेलेलं सगळं पुन्हा खाली उतरायला लागतं. ते पुरतं उतरलं आणि नवे कोंब अजून जागे झाले नाहीत, एवढ्याच काळात खणायचं. तो काळ कधी सुरू होतो हे पंचांगात नसतं. ते चाखूनच कळतं.

आणि चाखायची ती आत्याने.

आत्या तरुणपणीच सासर सोडून परत आली होती. नवऱ्याने दुसरा संसार मांडला आणि हिला मांडामांड करायला काही उरलं नाही. एका पेटीनिशी दारात उभी राहिली तेव्हा आईने पदर तोंडाला लावला. वडील मात्र तिला सरळ मळ्यात घेऊन गेले, एक मूळ उकरून चाकूने खरवडलं आणि तिच्या हातात दिलं. "चाख."

तिने चावलं. "कडू आहे."

"थांब जरा."

ती थांबली. "आता गोड. पण जिभेवर नाही. घशाच्या मागे कुठेतरी. आणि कमी आहे, येता येता राहिल्यासारखी."

वडिलांनी आपल्या मुलालाही किती वर्षं असंच चाखायला लावलं होतं. मुलगा दरवेळी "गोड आहे" एवढंच सांगून मोकळा व्हायचा. त्या दिवसापासून वडील पोरीला बरोबर नेऊ लागले, आणि त्यांचे डोळे मिटले तेव्हा मळा मुलाच्या नावावर झाला तरी जीभ मुलीच्या ताब्यात राहिली. आई म्हणायची, "माझ्या पोरीने घरात जागा केली ती जीभ बाहेर काढून." बाजारात तिला 'गोडबाई' म्हणत. तिचं बोलणं ज्यांनी ऐकलं होतं ते हे नाव घेताना जरा हसत.

वडिलांनंतर एका वर्षी धाकट्याने तिचं ऐकलं नाही. फुलं डोलत असतानाच खणायला घेतलं. मुळं अशी जाड निघाली की हातगाड्या कुरकुरल्या. "बघितलंस?" तो म्हणाला. "हे वजन बघ!" माळ्यावर जाळीच्या फळ्यांवर माल पसरला, वाळला, आणि वाळता वाळता आक्रसून त्याच्या सुरकुतलेल्या दोऱ्या झाल्या. हत्ती आत गेला आणि उंदीर बाहेर आला. खोकल्याचं औषध करणाऱ्या कारखान्याने तो उंदीरही परत पाठवला. तेव्हापासून घरात कायदा झाला, आत्याने चाखल्याशिवाय कुदळ नाही.

आता घरात दुसरं कुणी ज्येष्ठमधाला तोंडही लावत नसे. मिठाईवाल्याच्या घरात मिठाई कोण खातं? भावजयीला वासानेच मळमळायचं. धाकट्याचा मुलगा, तिचा भाचा, त्या पिवळ्या भुशात लहानाचा मोठा झाला होता, त्याला ते नाव नको होतं. आणि धाकट्याची जीभ सिगारेटींनी केव्हाच चामड्याची करून टाकली होती. एका घराला एक जीभ पुरत होती. चांगली चालत होती तोवर कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"माझं शेवटचं ऐक," धाकटा म्हणाला आणि बोलता बोलता घसा कोरडा पडला म्हणून समोर दिसला तो कप उचलून घोट घेतला. घेतला आणि तसाच तोंडात धरून उभा राहिला. मग धावत मोरीपाशी जाऊन थुंकला.

"हा चहा आहे की पाक? माझ्या जिभेलासुद्धा लागला!"

"तो वन्संचा कप," भावजय म्हणाली.

"ताई, हे पितेस तू? मरशील एक दिवस!"

आत्याचा अर्धा कप पिऊन झाला होता. साखर अजून जरा हवी होती, असं ती आता म्हणणारच होती. तिचे ओठ तेवढ्यासाठी उघडले होते, ते तसेच मिटले.

धाकट्याच्या डोक्यात यातून काही शिरलं नाही. पुरुषांच्या डोक्यात एका वेळी एकच भांडण मावतं. "उद्या सकाळी मी कुदळ घालतोय," तो म्हणाला. "तू हो म्हण नाहीतर नको म्हणूस." आणि बूट आपटत निघून गेला.

स्वयंपाकघरात दोघी उरल्या. भावजयीने कपाकडे पाहिलं, मग वन्संकडे. आत्या उठली आणि सुतळीचा गुंता टेबलावर तसाच टाकून बाहेर पडली.

मुळं कापायची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. लांब टेबल, त्यावर वर्षानुवर्षांच्या सुऱ्यांनी पडलेले चरे, कोपऱ्यात नळ आणि दगडी कुंडी, भिंतीला टांगलेल्या गाळण्या. इथे बाराही महिने तो मातकट गोडसर वास असायचा. आत्याने दार लावलं आणि नाकाने एक खोल श्वास घेतला. वास आला. हलकासा, पण आला.

मग तिने फळीवरची बरणी काढली. गेल्या हंगामातले काप त्यात ठेवलेले होते. हा माल तिने स्वतः पास केला होता, आणि कारखान्याच्या माणसाने असा ज्येष्ठमध पुन्हा द्या म्हणून निरोप धाडला होता. त्याच्या गोडीबद्दल वादच नव्हता. तिने एक काप तोंडात टाकला आणि चावला. चावत राहिली. थांबली. घशाच्या मागे काही येतंय का, याची वाट पाहिली.

लाकूड. फळीचा तुकडा चावावा तसं.

म्हणजे मुळांत खोट नव्हती.

ती स्टुलावर बसली. रोज सकाळी ती मळ्यात जाऊन, मूळ उकरून, खरवडून, चावून, मान हलवून परत येत होती. "अजून नाही." आणि घरादाराने कुदळी भिंतीला टेकून ठेवल्या होत्या. मूळ कदाचित पहिल्याच दिवशी तयार असेल. कदाचित आजही नसेल. उद्या धाकटा कुदळ घालणार, आणि त्याला अडवायचं की हो म्हणायचं, हे सांगायला तिच्या तोंडात काहीच शिल्लक नव्हतं. चुकीच्या वेळी खणलं तर एवढी वर्षं वाट पाहिलेली मातीत. आणि हो म्हणून मोकळं व्हावं, तर ते धाकट्याच्या "गोड आहे" सारखंच झालं.

त्याच्याही खाली एक भीती होती. घरातल्या चमच्यालासुद्धा काही काम असतं. सुनेला घर असतं, आईला मुलं असतात. परत आलेल्या बहिणीला काय असतं? हिला जीभ होती. कुणी तिला घालवून देणार नव्हतं, भाऊ तसा नव्हता. पण आजवर ती टेबलाशी हक्काने बसत होती, यापुढे वाढतील तेव्हा बसली असती. यातला फरक परत आलेल्या बाईलाच कळतो.

दार वाजलं नाही, सरळ उघडलं. भावजय आत आली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"वन्सं, मी अर्धा डबा साखर ओतली त्या कपात. कधीपासून चव गेलीय?"

आत्याला वाटलं होतं, ही पहिली टाळी वाजवेल. भावजयीच्या चेहऱ्यावर टाळीचं चिन्ह नव्हतं. "मला काय ठाऊक," आत्या म्हणाली. "मला वाटलं तू साखर वाचवतेस."

"आणि मला वाटलं तुम्ही मला टोचताय. तुम्ही फिका म्हटलंत की मी अर्धा चमचा वाढवायची. म्हटलं, बघू कधी गप्प बसतात. तुम्ही कसल्या गप्प बसताय!"

दोघींना एकाच वेळी हसू आलं आणि दोघींनीही ते दाबलं. मग आत्याचा चेहरा एकदम उतरला.

"तो उद्या खणणार. मी त्याला काय सांगू? माझी जीभ मेली गं."

"मरते कशी? रात्रीतून?" भावजयीने दुसरं स्टूल ओढलं. ती घरातलं दूध नासलं तरी कुठल्या भांड्यात, कुठल्या वेळी, झाकण होतं की नव्हतं, हे सगळं खोदून काढणारी बाई होती. "नीट आठवा. माझी बहीण आली होती उन्हाळ्यात, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, सरबत म्हणजे नळाचं पाणी. मी ते जन्मात विसरणार नाही. त्याच्या आधी कधी चहाला नावं ठेवली नव्हतीत. रश्शाला ठेवलीत, भाताला ठेवलीत, चहाला नाही. आणि बहीण आली तेव्हा..." ती थबकली. "तेव्हा ती आल्या आल्या काय म्हणाली? वन्संचे नवे दात किती छान दिसतात."

आत्याचा हात आपसूक तोंडाकडे गेला.

उन्हाळ्यात तिने वरची सगळी कवळी बसवून घेतली होती. उरलेसुरले दात डॉक्टरने काढले, आणि त्यांच्या जागी हे पांढरे, एका ओळीतले आले. सगळे म्हणाले, दहा वर्षांनी लहान दिसताय. तेव्हापासून तिला कवळीशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. सकाळी दार उघडायच्या आधी ती दात लावत असे.

"चव दातांनी घेतात होय?" ती फणकारली.

"दातांनी नाही घेत. पण तुमच्या दातांना वर छप्पर आहे की नाही? सगळा टाळू झाकलाय. आणि वरून ती पुदिन्याची पेस्ट चोपडता चिकटायला. मोरीत वास येतो ना मला रोज. मधल्यामध्ये बिचाऱ्या मुळाने शिरायचं कुठून? काढा ते."

"इथे?"

"मग काय चौकात?"

"तू तोंड तिकडे कर."

"वन्सं, तुम्ही तापात पडला होतात तेव्हा मी तुम्हाला न्हाऊ घातलंय."

"तोंड तिकडे कर म्हटलं ना!"

भावजयीने तोंड भिंतीकडे केलं. मागे नळ वाहिल्याचा आवाज झाला, चुळा भरल्याचा झाला, पुन्हा पुन्हा झाला. "वळू?" तिने विचारलं. विचारता विचारताच ती वळली. आत्याने एक हात तोंडावर धरला होता आणि दुसऱ्या हाताने सकाळी उकरून आणलेलं मूळ पुढे केलं होतं. भावजयीने काही न पाहिल्यासारखं करून सुरी घेतली, मुळाची तपकिरी साल खरवडली, आतल्या पिवळ्या गाभ्याची पातळ चकती काढली आणि तिच्या तळव्यावर ठेवली.

चावायला वरचे दात नव्हते. आत्याने चकती जिभेवर ठेवून उघड्या टाळूवर दाबली आणि डोळे मिटले.

आधी मातीची चव आली. ती आली तेव्हाच तिच्या खांद्यांना थोडा सैलपणा आला, कारण कितीतरी दिवसांत तिला मातीही लागली नव्हती. मग कडसरपणा. मग काहीच नाही. ती थांबली. भावजयही श्वास रोखून थांबली.

आणि मग गोडी आली. जिभेवर नाही, मागून, घशाच्या कडेने, सावकाश. आली ती थांबेचना. जाड, भरलेली, तळापासून वर चढत कानांपर्यंत पोचणारी. आत्याने डोळे उघडले तेव्हा ते भरले होते.

"काय?" भावजय म्हणाली. "अहो, काय?"

"उतरलीय," आत्या म्हणाली. दात नसल्यामुळे शब्द तोंडातच मऊ झाला. "सगळी उतरलीय. तुडुंब भरलंय गं मूळ."

"आणि जीभ?"

"आहे!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की भिंतीवरची गाळणी हलली. "आहे, मेली नाही मेली!"

मग दोघी हसल्या. या वेळी दाबायचं कारण नव्हतं. आत्या तोंडावर हात धरायचीही विसरली.

हसू ओसरल्यावर तिने मुळाचं डोकं, जिथून नवे कोंब फुटतात तो गड्डा, सुरीने उभा चिरला आणि उजेडाकडे धरला. आतले डोळे घट्ट मिटलेले होते, तांदळाच्या कणीएवढे. एकानेही कूस बदलली नव्हती. थांबल्याने काही बिघडलं नव्हतं. हे मूळ जमिनीत होतं ते कोठारात ठेवल्यासारखं होतं, आणि पावसाच्या आत बाहेर काढलं की काम झालं. तिने एवढा मोठा निःश्वास टाकला की तो भावजयीला कुकरची वाफ सुटल्यासारखा वाटला, आणि तिने तसं बोलूनही दाखवलं.

"आता तूही चाख," आत्या म्हणाली.

"मी? मला मळमळतं."

"मळमळू दे. मला आता माझ्या एकटीचा भरवसा नाही."

भावजयीने नाक चिमटीत धरून चकतीचा कोपरा तोडला, चावला, तोंड वाकडं केलं आणि नळाखाली ओंजळ धरून घटाघट पाणी प्यायली. प्यायली आणि तशीच वाकलेली राहिली.

"अगं बाई! पाणी गोड लागतंय! नळाचं पाणी, वन्सं! शी, जाता जात नाही."

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं ती मूळ चाखत आली होती, पण वर पाणी पिऊन बघायचं तिला कधी सुचलं नव्हतं. तिला तर गोडी पुसली जायला नको असायची. तिने ओंजळभर पाणी घेतलं. खरंच. कच्च्या मुळाने पाणी एवढं गोड झालं नसतं.

"हे चांगलं आहे," ती सावकाश म्हणाली. "हे कुणालाही कळेल."

घराकडे निघताना भावजयीने तिला दंडाला धरून थांबवलं. "हे बघा, मी आत काही बोलायची नाही. तुम्ही म्हणा, गोडी आजच उतरली. कोण विचारायला बसलंय? त्यांच्या जिभेचा तर जोडा झालाय."

आत्याला ते मोहाचं वाटलं नाही असं नाही. काम सोपं होतं. आजच उतरली म्हणायचं, दात लावायचे, टेबलाशी आपल्या जागी बसायचं. पुढच्या वर्षी दात काढून चाखायचं आणि कुणाला काही कळायचं नाही. पण मग त्याच्या पुढच्या वर्षी? खरोखरच कधी जीभ गेली, ताप आला, एखादी औषधाची गोळी सुरू झाली, तर पुन्हा घरभर कुदळी भिंतीला टेकतील आणि ती एकटी त्या खोलीत बरणी घेऊन बसेल. तो एक तास तिला पुन्हा नको होता. त्यापेक्षा खरं सांगणं स्वस्त.

कवळी तिने रुमालात गुंडाळली आणि तशीच आत गेली.

धाकटा जेवायला बसला होता, या खेपेला मोज्यांवर. भाचा ताटं मांडत होता. आत्या समोर उभी राहिली तसा धाकट्याने भांडणाचा पवित्रा घेतला, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पवित्रा कुठे गेला त्याचा त्यालाच पत्ता लागला नाही.

"ताई, तुझे दात?"

"काढलेत."

"आत्या, पडलीस का कुठे?" भाच्याने पुढे होत विचारलं.

"पडले नाही. खाली बस आणि ऐक. माझी चूक झाली. या दातांनी चव झाकली होती आणि मी ती मुळांत शोधत होते. मुळं तयार आहेत. बहुतेक आठवड्यापूर्वीच झाली. मी आत्ता दात काढून चाखली. कोंब अजून झोपलेत, म्हणजे नुकसान काही नाही."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान डोलावली. तो कितीतरी दिवसांनी खुर्चीला पाठ टेकून बसला, आणि त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं तो राग नव्हता. "मला वाटलं," तो म्हणाला, "यंदा मुळांनाच काही रोग पडला. मी बोललो नाही कुणाला. तू कधी चुकत नाहीस ना, म्हणून वाटलं." मग तो हसायला लागला आणि खोकला येईपर्यंत हसला. "दात! अरे देवा, दात!"

"हसून घे," आत्या म्हणाली आणि आपल्या जागेवर बसली. तिने ताट पुढे ओढलं, भावजयीला बसायला शेजारची खुर्ची सरकवली आणि बोळक्या तोंडानेच, पण एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "उद्या उजाडलं की खणायचं, उतारावरच्या वाफ्यांपासून, तिथे पाणी आधी साचतं. आणि यापुढे चाखायला दोघी जाणार, मी आणि ही. दोघी हो म्हणाल्याशिवाय कुदळ नाही."